पोरगं घडाघडा वाचतं, मग उताऱ्याचे गुण जातात कुठं? कोपरखैरण्यातल्या एका पाचवीचं प्रकरण

कोपरखैरण्यातली मराठी माध्यमाची एक शाळा, इयत्ता पाचवी. वर्गातली 28 मुलं फेब्रुवारी 2025 च्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार होती. निम्म्याहून जास्त घरांत वडील एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजार समितीत, माथाडी. मूळ गाव कुणाचं साताऱ्याकडं, कुणाचं जुन्नर-आंबेगावकडं. भाजीपाला मार्केटचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं, त्यामुळे मुलं शाळेत जातात तेव्हा वडील नुकतेच आडवे झालेले असतात. मी याच शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवीच्या वर्गशिक्षकांनी सराव पेपरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, जरा बघा. गणित वर सरकतंय, म्हणी-समानार्थी पाठ आहेत. उतारा आला की सगळे तिथंच बसतात. सराव पेपरांचे संच सोडवून मुलं कंटाळली, मीही कंटाळलो."

मुलं वाचत नव्हती असं नाही. पाठ्यपुस्तकातला धडा उभं राहून वाचायला सांगा, बहुतेक जण न अडखळता वाचत. गुण मात्र नेमके आकलनाच्या प्रश्नांत जात होते. संच वाढले तरी चुका तेवढ्याच.

परीक्षा बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगते. राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा 2016-17 पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. पाचवीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 असे 75 प्रश्न, 150 गुण, वेळ दीड तास. भाषेच्या प्रश्नांत उतारा, कविता, संवाद, जाहिरात किंवा सूचना असं काहीतरी वाचून उत्तरं द्यायची. बाकी शब्दसंपत्ती आणि व्याकरण. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, उत्तरपत्रिकेवर एक गोल बॉलपेननं काळा करायचा. काळा केला की केला, खोडायची सोय नाही.

दीड तासात 75 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद. आता दीडशे शब्दांचा उतारा आणि त्यावर तीन प्रश्न धरा. तिन्ही प्रश्नांचे मिळून 216 सेकंद होतात. लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठी केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आहे, त्याचं तिसरीअखेरचं उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून वाचण्याचं आहे. पाचवीतलं मूल त्याच वेगावर असेल तर नुसता उतारा वाचायलाच 150 सेकंद जातात. उरले 66, म्हणजे प्रश्नाला 22 सेकंद. त्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, उताऱ्यात परत जायचं आणि गोल भरायचा. मिनिटाला 90 शब्द वाचणाऱ्या मुलाला याच कामाला जवळपास 39 सेकंद मिळतात. हे गणित मी सरांना कागदावर करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हळू वाचणारं पोर उताऱ्याला हात घालायच्या आधीच हरलंय." एवढी निराशा मला पटली नाही, पण वेगाचा प्रश्न खराच होता. तो किती मुलांचा आहे, हे आधी बघायला हवं होतं.

उत्तर कुठून आणलंस?

पेपरांचा गठ्ठा मी एकदा चाळला आणि बाजूला ठेवला. चुकीच्या गोलावरून मूल कुठं चुकलं ते कळत नाही, एवढंच कळतं की चुकलं. म्हणून एक छोटा उतारा स्वतः लिहिला आणि मधल्या सुट्टीत एकेका मुलाला शेजारी बसवून सोडवायला दिला. उतारा असा होता:

"दुपारी आभाळ भरून आले. गंगूआजी लगबगीने गच्चीवर गेली. कालपासून वाळत घातलेल्या कुरडया अजून दमट होत्या. तिने जुन्या साडीची चारही टोके धरली आणि सगळ्या कुरडया खाली आणल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'अगंबाई, वाळल्या पण का एवढ्यात?' आजी नुसती वर बोट दाखवून हसली."

प्रश्न: आजीने कुरडया खाली का आणल्या? पर्याय: 1) त्या वाळल्या होत्या म्हणून 2) पाऊस येईल असे वाटले म्हणून 3) काकूंनी सांगितले म्हणून 4) गच्चीवर जागा नव्हती म्हणून.

उत्तर दिलं की मी एकच विचारत होते: "हे उत्तर कुठून आणलंस? दाखव."

सर्वात जास्त चुकीची उत्तरं पहिल्या पर्यायाची आली. मुलं काकूंच्या वाक्यावर बोट ठेवत होती. "हे बघा बाई, वाळल्या." शब्द सापडला, उत्तर मिळालं. काकू विचारतायत, सांगत नाहीयेत, आणि दोनच ओळी वर 'दमट' लिहिलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. घरी सगळ्यांच्या आया उन्हाळ्यात कुरडया करतात. ओल्या कुरडया पावसात सापडल्या की काय होतं, हे यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी कागद झाकून विचारलं, "तुझ्या आईनं कुरडया घातल्यात आणि आभाळ आलं, तर?" तर लगेच उत्तर, "पळत जाऊन आणायच्या. नायतर बुरशी." म्हणजे समज जागेवर होती. ती उताऱ्यापर्यंत पोहोचतच नव्हती, कारण उतारा हा समजून घ्यायचा मजकूर आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. प्रश्नातला शब्द शोधायची ती जागा होती.

ही सवय आली कुठून, हे दोन-तीन मुलांनी आपणहून सांगितलं. खासगी क्लासमध्ये आणि थोडंफार शाळेतही 'आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा' असं शिकवलं होतं. ही युक्ती वाईट नाही. जलद आणि समजून वाचणाऱ्या मुलाचा तिनं वेळ वाचतो. पण ज्याला अर्थाकडं बघायची सवयच लागलेली नाही, त्याच्या हाती ती पडली की तो उतारा वाचायचाच सोडतो. वर संच तयार करणारेही सोपं जातं म्हणून प्रश्नातला शब्द जसाच्या तसा उताऱ्यातून उचलतात. अशा संचावर शोधाशोध करून निम्मी उत्तरं बरोबर येतात, आणि मुलाला वाटतं आपली पद्धत चालते. खऱ्या पेपरात तोच शब्द चुकीच्या पर्यायात ठेवलेला असतो.

एका मुलाचं उत्तर बरोबर आलं. दुसरा पर्याय. कुठून आणलंस म्हटल्यावर म्हणाला, "सगळ्यात लांब आहे ना बाई. लांब असतो तो बरोबर." हा मुलगा सराव पेपरात वर्गात पहिल्या पाचात असायचा. त्याच्या पेपरवर सगळीकडं बरोबरच्या खुणा होत्या आणि त्या खुणांमुळेच त्याच्याकडं आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

सगळ्या मुलांशी बोलून झाल्यावर चित्र साधारण असं दिसलं. पाच-सहा मुलांचा प्रश्न खरोखर वेगाचा होता. जोडाक्षर आलं, रफार आला की ती थांबत, 'पर्यावरण'सारख्या शब्दाला दोनदा मागे जात, आणि वाक्याच्या शेवटी येईपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असे. पंधरा-सोळा जण शब्द शोधणारे. काही जण उतारा नीट समजत, पण प्रश्न अर्धवट वाचत. 'पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्यात आलेले नाही?' यातलं 'नाही' त्यांच्या नजरेतून निसटायचं आणि समोर दिसेल ते पहिलं बरोबर विधान ती काळं करत. उरलेली तीन-चार मुलं ठीक होती. त्यांना संचच हवे होते, भरपूर. सरांच्या नजरेत तोवर हा सगळा 'उतारा कच्चा असलेला वर्ग' होता आणि सगळ्यांना औषधही एकच, रोजचा संच.

कागदातलं आणि डोक्यातलं

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की नाताळपर्यंत वर्गात भाषेचे संच बंद. सरांना हे जड गेलं. डिसेंबरात शेजारच्या शाळांची मुलं दिवसाला एक पेपर सोडवत असताना आपण हातावर हात धरून बसलो, असं पालक म्हणतील ही त्यांची भीती. आणि तसं झालंही, त्यावर पुढं येते.

परिपाठ झाला की पहिल्या तासातली पंधरा मिनिटं उताऱ्याची. रोज एकच उतारा, तोही छोटा. आधी सगळा वाचायचा, मग कागद उलटा ठेवायचा आणि शेजाऱ्याला एका वाक्यात सांगायचं: कोण, काय झालं, का. सुरुवातीला मुलं अख्खा उतारा पाठ म्हणायला लागत. 'एका वाक्यात' हे जमायला वेळ लागला. नंतर प्रश्न वाचायचा, पण पर्यायांवर पट्टी ठेवून. आधी स्वतःचं उत्तर तोंडी द्यायचं, मग पट्टी काढून आपल्या उत्तराच्या जवळचा पर्याय बघायचा. पट्टीचा हा साधा उपाय शब्द शोधणाऱ्यांना सर्वात जास्त लागू पडला. पर्याय दिसतच नाहीत म्हटल्यावर शोधायला शब्द उरत नाही, विचार करावाच लागतो. 'नाही', 'अयोग्य', 'वेगळा' अशा शब्दांवर बोट ठेवून प्रश्न मोठ्यानं वाचायचा, हा नियम. सरावात पेन्सिलीनं खूण करता आली असती, पण परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर खुणा करायच्या की नाही यावरून आयत्या वेळी गोंधळ नको म्हणून बोटच बरं वाटलं.

परीक्षेत सूचनाफलक येतात, म्हणून मी एक पाण्याची सूचना लिहून आणली. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं आणि जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या सूचना मुलांच्या रोजच्या ऐकण्यातल्या. माझी सूचना अशी: "मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी बुधवारी सकाळी 10 ते रात्री 10 पाणीपुरवठा बंद राहील. गुरुवारी सकाळी पाणी कमी दाबाने येईल. नागरिकांनी आवश्यक साठा करून ठेवावा." प्रश्न: पाणी केव्हापर्यंत भरून ठेवायला हवे? माझ्या डोक्यात उत्तर होतं, बुधवारी सकाळी 10 च्या आत.

मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी उताऱ्यात कायम चुकायची, ठाम आवाजात म्हणाली, "मंगळवारी रात्री."

"कुठून आणलंस?"

"बाई, बुधवारी सकाळी सगळेच मोटर लावतात. आमच्याकडं वर चढतच नाही पाणी. मम्मी रात्रीच भरते."

पर्यायांत 'मंगळवारी रात्रीपर्यंत' हे मीच एक फसवं उत्तर म्हणून ठेवलं होतं. शिष्यवृत्तीच्या हिशेबानं तिचं उत्तर चूक. पण आख्ख्या वर्गात सूचना सर्वात चांगली कुणी वाचली असेल तर तिनंच. तिनं वाचलं, त्यात स्वतःची माहिती घातली आणि पुढचा निष्कर्ष काढला. आकलन म्हणतात ते याहून वेगळं काही नाही. फक्त परीक्षेला इथं कागदावरचं उत्तर हवं होतं.

त्या दिवसापासून वर्गात दोन शब्द रुजले: 'कागदातलं' आणि 'डोक्यातलं'. उत्तर दिलं की मुलानं सांगायचं, हे कागदातलं आहे का डोक्यातलं. कागदातलं असेल तर ओळ दाखवायची. डोक्यातलं असेल तर विचारायचं की कागद याला आडवा तर येत नाही ना. कुरडयांच्या उताऱ्यात दोन्ही लागतात: 'आभाळ भरून आले' आणि 'दमट' कागदातलं, ओल्या कुरडया भिजू द्यायच्या नसतात हे डोक्यातलं. दोन्ही जोडली की उत्तर. पाण्याच्या सूचनेत मात्र प्रश्न कागदापुरताच होता. 'डोक्यातलं वापरूच नका' असं मी कधी सांगितलं नाही, आणि शिक्षकांनी तसं सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. असं सांगितलेलं मूल पुन्हा शब्द शोधायला लागतं.

डोक्यातलं किती कामाचं असतं, यावर अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये केलेला एक प्रयोग शिक्षणशास्त्रात बराच सांगितला जातो. सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ पुढं गेली. सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपण मार्केटवर उतारा देऊन बघू." दिला. कांदा-बटाट्याची गाडी उशिरा येते, गाळ्यावर तोलणार वाट बघत बसलेला, माल उतरवून होईपर्यंत उजाडतं आणि त्या दिवशी भाव पडतो, एवढीच गोष्ट. भाव का पडला असेल, हे उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. वेगात मागं पडणाऱ्या मुलांपैकी दोघांनी हात वर केले. "गिऱ्हाईक निघून गेलं असणार, बाई. माल तसाच राहिला की मग मिळेल त्या भावाला देतात." वाराई, तोलाई, आडत हे मार्केटातल्या मजुरी-दलालीचे शब्द त्यांना घरचेच. उलट मोटेच्या विहिरीवरचा जुना उतारा, जो संचांत नेहमी सापडतो, त्यात हीच मुलं आणि वर्गातली हुशार मुलंही सारखीच चाचपडली. मोट, धाव, थारोळं यातलं काहीच कुणी पाहिलेलं नव्हतं.

यातून एक अडचणीची गोष्ट पुढं येते. परीक्षेत कुठला उतारा येईल ते आपल्या हातात नाही. गावाकडचा असेल, समुद्राचा असेल, एखाद्या शास्त्रज्ञाचा असेल. त्यामुळे आकलनाची तयारी भाषेच्या तासात पुरी होत नाही. परिसर अभ्यासाचा धडा नीट झाला, विज्ञानाचा प्रयोग खरंच करून दाखवला, सहलीला गेल्यावर दीपस्तंभ कसा चालतो ते सांगितलं, तर तेही उताऱ्याचंच काम. तीन महिन्यांत यातलं फार काही भरून निघत नाही. आम्ही वर्गाच्या पेटीतली गोष्टींची आणि माहितीची पुस्तकं रोज एकेक घरी द्यायला सुरुवात केली, एवढंच.

फसवा पर्याय

सर्वात रंगलेला भाग आम्ही फारसा विचार न करता सुरू केला होता. शुक्रवारी मुलांनी स्वतः उतारा लिहायचा, एक प्रश्न काढायचा आणि चार पर्याय द्यायचे. त्यातला एक 'फसवा' हवा: चूक, पण वाचणारा फसेल असा. जुन्नरकडच्या एका मुलीनं लिहिलं:

"मामाच्या उसात तोडणी चालू होती. बिबट्याची दोन पिल्ले सापडली. वनखात्याचे लोक आले. त्यांनी पिल्ले टोपलीत ठेवली. रात्र झाल्यावर टोपली तिथेच ठेवली आणि सगळे लांब जाऊन बसले."

प्रश्न: सगळे लांब जाऊन का बसले? पर्याय: रात्र झाली म्हणून, बिबट्याची भीती वाटली म्हणून, पिल्लांची आई यावी म्हणून, ऊस तोडून झाला म्हणून.

वर्ग दोन पर्यायांत फुटला, भीती आणि आई. एक मुलगा म्हणाला, "भीती होती तर पिल्लं गाडीत घालून घेऊनच गेले असते ना, तिथंच कशाला ठेवतील?" दुसरा म्हणाला, "मग भीती पण होती आणि आई पण यायला हवी होती." लिहिणारीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि प्रश्नात दुरुस्ती केली: 'पिल्ले तिथेच ठेवून सगळे लांब का बसले?' आता उत्तर एकच राहिलं. प्रश्न सैल असला की दोन उत्तरं निघतात, आणि प्रश्न काढणाऱ्याला ते टाळायचं असतं, हे तिला फळ्यावर लिहून शिकवावं लागलं नाही. फसवा पर्याय कोणता, असं विचारल्यावर ती म्हणाली, "रात्र. कारण उताऱ्यात रात्र आहे." शब्द शोधणाऱ्यांसाठी लावलेला सापळा शब्द शोधणाऱ्यांनीच ओळखायला सुरुवात केली होती.

वेगात मागं असलेल्या मुलांचं काम वेगळं आणि कंटाळवाणं. सर आधी उतारा वाचून दाखवत, मग मूल तोच उतारा जोडीदाराबरोबर मोठ्यानं वाचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. एकाच मजकुराचं असं वाचन केलं की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अक्षरांवरचं लक्ष सुटतं आणि अर्थाकडं जातं. अडलेली जोडाक्षरं वेगळ्या वहीत. याशिवाय त्यांच्यासाठी परीक्षेपुरती एक वाट ठरवली: पेपरात आधी शब्दसंपत्ती-व्याकरणाचे प्रश्न, मग गणित, आणि उतारे शेवटी. भाषा पेपरात आधी असल्यानं ही मुलं उताऱ्यावर अडकून राहत आणि गणिताचे येणारे प्रश्नही वेळ संपून सुटत. पण प्रश्न सोडून पुढं गेलं की उत्तरपत्रिकेवर ओळ चुकायचा मोठा धोका. 6 नंबरच्या प्रश्नाचा गोल 4 नंबरसमोर भरला की पुढचं सगळंच घसरतं, आणि बॉलपेननं भरलेलं परत घेता येत नाही. म्हणून या मुलांकडून कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर नुसता गोल भरायचाच सराव करून घेतला. डाव्या हाताचं बोट प्रश्नक्रमांकावर, मगच पेन. आकलनाशी याचा काडीचाही संबंध नाही, पण चार गुण इथंही जातात.

पालकसभा

डिसेंबरच्या पालकसभेला वडील मंडळी आली, हीच मोठी गोष्ट. काही जण रात्रपाळी करून सरळ आले होते. एका वडिलांनी उभं राहून विचारलं, "बाई, माझं पोरगं घडाघडा वाचतंय. मी घरी ऐकलंय. मग मार्क कुठं जात्यात? आन् पेपर सोडवायचं बंद का केलंय?"

समजावून सांगण्यापेक्षा मी त्यांच्या हाती कुरडयांचा उतारा दिला. त्यांनी मोठ्यानं वाचला, एक क्षण थांबले आणि म्हणाले, "दुसरं. पाऊस." मग मुलाला बोलावून नवा उतारा दिला, तोही त्यानं घडाघडा वाचला. काय झालं सांग म्हटल्यावर शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वडिलांनी मुलाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "आस्सं होय. मग घरी काय करायचं सांगा." मी सांगितलं, वाचून झालं की पुस्तक मिटायला लावा आणि विचारा, काय झालं, का झालं. तुम्हाला वाचायला येत नसलं तरी चालेल, ऐकायला येतं ना. यावर मागून एक आजी म्हणाल्या, "त्येवढं जमंल की." पेपर सोडवायचा प्रश्न मात्र सगळ्यांना पटला नाही. दोन पालकांनी क्लासमध्ये रोजचे संच सुरूच ठेवले आणि त्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांची मुलं त्या तीन-चारांपैकी होती, ज्यांना संचांचीच गरज होती.

काय झालं, काय राहिलं

नाताळनंतर संच पुन्हा सुरू झाले, आता वेळ लावून. शब्द शोधणाऱ्या मुलांची उताऱ्यातली उत्तरं ठळकपणे सुधारली. 'नाही'च्या प्रश्नांत चुका कमी झाल्या, पण दडपणाखाली पुन्हा होत. लांब पर्याय निवडणाऱ्या मुलाचे गुण डिसेंबरात आधी खाली आले, मग वर चढले. खाली आले तेव्हा तो रडकुंडीला आला होता आणि त्याच्या आईनं सरांना फोनही केला. जुनी युक्ती सोडल्यावर काही दिवस गुण पडणारच, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कविता सुधारली नाही. उताऱ्याची 'एका वाक्यात सांग' ही युक्ती कवितेला लागू पडत नाही. 'कवितेतून कोणता भाव व्यक्त होतो' असल्या प्रश्नावर मुलं शेवटपर्यंत अंदाजानंच गोल भरत राहिली. संवाद आणि जाहिराती चांगल्या जमल्या. वेगात मागं असलेल्यांपैकी दोघांचा वेग परीक्षेपर्यंत पुरेसा वाढला नाही. तीन महिन्यांत तो वाढायची अपेक्षाही नव्हती. ते काम दुसरी-तिसरीत व्हायला हवं होतं. परीक्षेत वर्गातली काही मुलं पात्र ठरली, गुणवत्ता यादीत कुणी आलं नाही.

माझ्या मते जास्त बोलकी गोष्ट एप्रिलच्या संकलित चाचणीत दिसली. तिथं काही उत्तरं लिहायची असतात. पाण्याच्या सूचनेवर 'मंगळवारी रात्री' म्हणणाऱ्या मुलीनं एका उत्तराखाली आपणहून लिहिलं होतं: "हे उताऱ्यात लिहिले नाही, पण आधीच्या ओळीवरून कळते." सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून मला दाखवायला पेपर आणला.

सर आणि माझ्यात एका गोष्टीवर अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, संच दीड महिना पूर्ण बंद ठेवल्यामुळे चांगल्या मुलांचा वेग मंदावला आणि एक-दोन जण पात्रतेच्या आसपास अडकले. मला वाटतं त्या मुलांना वेगळं काढून संच देता आले असते, बाकीच्यांना बंदच ठेवायला हवे होते. पुढच्या वर्षी वर्ग जूनमध्येच 'कुठून आणलंस' या प्रश्नानं तपासून तीन गट करायचे आणि प्रत्येकाला वेगळं काम द्यायचं, यावर मात्र दोघांचं जमलं आहे.

त्यात 2025 मध्येच सरकारनं ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायचा निर्णय घेतला. म्हणजे मुलं एक वर्षानं लहान आणि वाचनाचा वेगही तेवढाच कमी. वर केलेलं सेकंदांचं गणित त्यांना आणखी जाचणार. चौथीच्या बाईंनी कुरडयांचा उतारा, पाण्याची सूचना आणि मुलांनी लिहिलेल्या उताऱ्यांची फाइल मागून नेली आहे. तिसरीच्या बाईंनाही बसवून जोडाक्षरांच्या वह्या दाखवायच्या ठरल्या आहेत, कारण चौथीत जाईपर्यंत मिनिटाला साठ शब्द समजून वाचणारं मूल हवं असेल तर काम त्यांच्याच वर्गात सुरू करावं लागेल.